अप्पांचा आक्षेप

२०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या अनेक बोअरवेल आटल्या. कावेरीचं पाणी या भागात सगळीकडे पोचलेलं नव्हतं, त्यामुळे सोसायट्या टँकरच्या भरवशावर होत्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला जल मंडळाने ५,००० रुपये दंड जाहीर केला होता. त्यातच २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं.

वर्तूर रस्त्याजवळच्या एका सोसायटीत साताऱ्याचे नाना अध्यक्ष होते. पाण्याचं बिल तिथे फ्लॅटच्या चौरस फुटांवर निघायचं. एकट्या राहून डबे करून देणाऱ्या बाई आणि शेजारचं सहा माणसांचं घर सारखेच पैसे भरायचे. नानांनी सभेत ठराव आणला: प्रत्येक फ्लॅटला एक मीटर, वापराप्रमाणे बिल. हेतू चोख होता.

बेळगावचे अप्पा उठले. उभं आयुष्य त्यांनी प्लंबिंगच्या कंत्राटात घालवलेलं. ते म्हणाले, "मीटर हवाच. पण आपल्याकडे पाणी एका पाइपने घरात येत नाही. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला वेगळी लाइन, प्रत्येक बाथरूमला वेगळी. एकच मीटर लावलात तर..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. अप्पा दुसऱ्या पक्षाची पत्रकं वाटायचे. आदल्या रात्रीच कुणीतरी त्यांच्या फोटोला शिंगं लावून तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. "टँकरवाल्यांचा माणूस!" मागून आवाज आला. अप्पाही काही कमी नव्हते. नानांच्या पक्षाचे लोक ही माणसंच नव्हेत, असं ते लिफ्टमध्ये येता-जाता सांगत. आता दोन्हीकडून "तुम्ही लोक, तुम्ही लोक" सुरू झालं आणि पाइप बाजूलाच राहिला.

त्या सभेत एक तरुण इंजिनियर बसला होता. अप्पांचं म्हणणं बरोबर आहे हे त्याला कळत होतं. पण अप्पांना दुजोरा दिला तर उद्या आपल्याही फोटोला शिंगं येतील, म्हणून तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या मुलाची. भांडणारे दोघं निदान बोलत तरी होते.

ठराव मंजूर झाला. स्वयंपाकघराच्या लाइनवर मीटर बसले. पहिल्याच महिन्यात सर्वांत मोठं बिल आलं डबेवाल्या बाईंना, कारण त्यांचं सगळं पाणी स्वयंपाकघरातच लागायचं. सहा माणसांच्या आंघोळी कुठल्याच मीटरवर चढल्या नव्हत्या.

बाई बिल घेऊन नानांकडे आल्या तेव्हा नानांची आई घरातच होती. पुण्याच्या शाळेत तिने इतिहास शिकवलेला. बाई गेल्यावर ती म्हणाली, "१८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरत असे. त्या वर्षी विरोधकांनी मांडव जाळायची धमकी दिली आणि रानड्यांनी परिषद फर्ग्युसनच्या आवारात नेली. आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली याच पुणेकरांनी. ती काढणाऱ्यांनी त्यांच्या एका तरी मुद्द्याला उत्तर दिलं का रे?"

"आई, टिळकही रानड्यांशी भांडलेच की."

"भांडले, कडाकडा भांडले. आणि १९०१ साली रानडे गेले तेव्हा थंड पडलेल्या महाराष्ट्रात त्यांनी जीव आणला, हे केसरीत टिळकांनीच लिहिलं. ज्याच्याशी भांडायचं त्याचं म्हणणं आणि त्याचं मोल, दोन्ही ठाऊक असावं लागतं. अप्पा त्या दिवशी काय सांगत होते?"

"त्यांच्या पक्षाचं नेहमीचंच..."

"पक्षाचं नाही विचारलं. पाइपचं विचारलं."

नानांना उत्तर देता आलं नाही. त्यांनी खरंच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ते अप्पांच्या दारात गेले. अप्पांनी आत या म्हटलं नाही. "शिंगं बघायला आलात?"

"नाही. गच्चीवरच्या लाइनी दाखवा. आणि तो फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी अध्यक्ष असून गप्प बसलो, ते चुकलं माझं."

अप्पा बराच वेळ तसेच उभे राहिले. मग चप्पल घालत म्हणाले, "लिफ्टमध्ये मीही नको ते बोललोय तुमच्या लोकांना."

पुढच्या सभेत नानांनी आधी अप्पांना बोलायला उभं केलं आणि मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. अप्पांनी नकाशा दाखवला: तीन बेडरूमच्या घराला चार लाइनी, म्हणजे चार मीटर. नाना म्हणाले, खर्च सोसायटीच्या निधीतून करू. अप्पा म्हणाले, ज्याने त्याने करावा, निधी टँकरला लागेल. दोन तास वाद झाला, आवाज चढले, पण पक्षाचं नाव कुणी काढलं नाही. मतदान झालं आणि नाना हरले. ठरावाच्या कागदावर सही करायला ते वाकले, तेवढ्यात मागच्या रांगेतून त्या तरुण इंजिनियरने हात वर केला. दोघांनीही छोटे फ्लॅट मोजताना चूक केली होती, आणि ती त्याला सगळ्यांसमोर दाखवायची होती.