सोडून जाण्याचें स्वातंत्र्य

न पटणारी गोष्ट सोडून देतां येणें हें स्वातंत्र्याचें एक प्रमुख लक्षण आहे, याविषयीं फारसा मतभेद आढळत नाहीं. दुकानदार वजनांत मारूं लागला तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी, वैद्याचा गुण येईना तर दुसरा वैद्य पाहावा, घरमालक छळूं लागला तर बिऱ्हाड हलवावें, हा व्यवहार इतका सरळ आहे कीं त्यांत नीतीचा कांहीं प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटतें कीं जी सेवा अनेकांनीं मिळून घ्यावयाची असते ती सोडून जातांना मनुष्य आपल्यामागें कांहीं तरी ठेवून जातो, आणि त्या मागें ठेवलेल्या गोष्टीचा हिशेब त्यानें एकदां करावयास हवा. हा विचार मांडण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक अगदीं घरगुती विषय घेतला आहे. तो म्हणजे घरोघरीं येणारी इंटरनेटची फायबर-जोडणी, व एका कंपनीची जोडणी सोडून दुसरीची घेण्याची आतां रूढ झालेली रीत. उदाहरणासाठीं नंदुरबार जिल्हा घेण्याचें कारण असें कीं, या प्रश्नाचीं दोन्ही टोकें तेथें एकाच सीमेच्या आंत दिसतात.

धुळें जिल्ह्याचें विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजीं हा जिल्हा अस्तित्वांत आला. दक्षिणेकडे तापीचें खोरें, सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि नंदुरबार, नवापूर, शहादा यांसारखीं व्यापाराचीं गांवें. उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा, त्यांत विखुरलेले अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाडे, आणि त्यांपलीकडे नर्मदा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें साडेसोळा लाख होती, व तींत अनुसूचित जमातींचे लोक शेंकडा ६९ च्या आसपास होते. सपाटीवरील शहरांत आज घरच्या इंटरनेटसाठीं सरकारी व खासगी असे एकाहून अधिक पर्याय आहेत. डोंगरांतील पाड्यावर मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढण्याची पाळी येते.

शहरांत जोडणी घेणें आतां मुळींच अवघड राहिलेलें नाहीं. फोन केला कीं दोन माणसें शिडी व तारेचें वेटोळें घेऊन येतात. जवळच्या खांबावरील पेटींतून बारीक काळी तार ओढून ती गच्चीवरून किंवा खिडकीच्या चौकटींतून घरांत आणतात. आंतील केसासारखा काचेचा तंतु एका लहानशा यंत्रांत धरून दुसऱ्या तंतूशीं वितळवून जोडतात. आणि भिंतीवरच्या राउटरचा हिरवा दिवा लागला कीं काम संपतें. कंपनी बदलावयाची तर थोडी अधिक यातायात पडते. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. घरच्या फायबरला तशी सोय नाहीं. येथें नवी तार ओढावी लागते, जुना राउटर परत करावा लागतो, अनामत रकमेसाठीं पाठपुरावा करावा लागतो, व शहाणीं माणसें नवी जोडणी नीट चालूं लागेपर्यंत जुनी आठ-पंधरा दिवस तशीच राहूं देतात. तरीसुद्धां, ज्याला चार पैसे अधिक मोजतां येतात व चार फोन करण्याची संवय आहे, त्याला हें सहज साधतें.

आतां प्रथम हें स्पष्ट करूं कीं अशा सोडून जाण्यांत आम्हांस स्वतः कांहीं गैर दिसत नाहीं. कंपनी म्हणजे कुलदैवत नव्हे. महिन्याचे पैसे मोजावयाचे आणि सेवा मिळाली नाहीं तरी तिला चिकटून राहावयाचें, यांत निष्ठा नसून केवळ आळस आहे. दुसरी वाटच नसण्याची अवस्था कशी असते हें, ज्या घरांनीं टेलिफोनच्या प्रतीक्षायादींत वर्षांमागून वर्षें काढलीं, त्यांस सांगावयास नको. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें, तेंही मोजक्या मोठ्या शहरांपुरतें. आणि त्या काळीं दर व वेग या दोहोंविषयीं ग्राहकाचें मत विचारण्याचें कोणास कारण नव्हतें. स्पर्धा आली, दर उतरले व भाषा नम्र झाली. हा लाभ नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु या स्वातंत्र्याची दुसरी बाजू आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञांनीं १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या छोट्या ग्रंथांत उलगडून दाखविली आहे. एखादी संस्था बिघडूं लागली म्हणजे तिच्याशीं संबंध असलेल्या मनुष्यापुढें दोन वाटा असतात, असें त्यांचें म्हणणें: एक निघून जाण्याची व दुसरी बोलण्याची. हा विचार त्यांना नायजेरियांतील रेल्वेवरून सुचला. त्या देशाच्या उत्तर भागांतील भुईमूग शेंकडों मैल दूरच्या बंदरांकडे जात असे, व त्या वाहतुकींत मालमोटारी रेल्वेशीं स्पर्धा करूं लागल्या. स्पर्धेनें रेल्वे सुधारावयास हवी होती. ती सुधारली नाहीं. कारण ज्या गिऱ्हाइकांनीं आरडाओरड करून तिला वठणीवर आणलें असतें, तींच आधीं मालमोटारींकडे वळलीं. आणि सरकारी तिजोरीच्या आधारानें चालणाऱ्या रेल्वेला गेलेल्या गिऱ्हाइकांची उणीव जाणवली नाहीं. जे मागें राहिले त्यांना दुसरी वाट नव्हती, व त्यांच्या बोलण्याला वजन नव्हतें.

हें निरूपण आपल्या खांबावरील पेटीस किती तंतोतंत लागू पडतें हें पाहण्यासारखें आहे. केंद्रांतून निघालेला एकच काचतंतु वस्तींत येऊन एका विभाजकांतून ३२ किंवा ६४ घरांस वांटला जाणें, ही या जोडण्यांची नेहमींची रचना आहे. म्हणजे पैसे प्रत्येक घर निराळे भरतें, परंतु प्रकाश सर्वांस एकाच धाग्यावरून येतो. खांबाकडे येणाऱ्या तारेचा जोड सैल झाला, रस्ता खणतांना मूळ तार दुखावली, किंवा पेटींत पावसाचें पाणी शिरलें, तर तो दोष एका घराचा नसून साऱ्या आळीचा असतो. आतां समजा, अशा आळींत एक प्राध्यापक, एक वकील, एक विधवा शिवणकाम करणारी बाई व भाड्याच्या खोलींत राहून परीक्षेची तयारी करणारे दोन विद्यार्थी एकाच तंतूवर आहेत. तार वारंवार बंद पडूं लागली. प्राध्यापकांनीं व वकिलांनीं आठवड्याच्या आंत दुसरी कंपनी घेतली. दोघांनींही कोणाचें कांहीं वाईट केलें नाहीं. मात्र त्या पेटीविषयीं इंग्रजींत पत्र लिहिणारे, नियमाचा आधार दाखविणारे व वरच्या अधिकाऱ्याचें नांव विचारणारे जे दोघे होते, तेच गेले. पेटी तशीच राहिली. तिच्याखालीं आतां फक्त तेच लोक राहिले कीं ज्यांचा फोन 'तक्रार नोंदविली आहे' एवढें ऐकून बंद होतो.

यावर असा आक्षेप येईल कीं ग्राहक जाणें हीच सर्वांत मोठी तक्रार आहे. उत्पन्न घटलें कीं कंपनीचे डोळे आपोआप उघडतात. आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. उत्पन्न घटल्याचें कळतें. तें कां घटलें हें कळत नाहीं. गेलेला ग्राहक दर महाग म्हणून गेला, बदली झाली म्हणून गेला, कीं पेटींत पाणी शिरतें म्हणून गेला, हें हिशेबाच्या वहींत लिहिलेलें नसतें. शिवाय हर्शमन यांनीं दुसराही एक धोका दाखविला आहे. दोन-तीन कंपन्यांची सेवा सारखीच सदोष असेल तर इकडचे असंतुष्ट तिकडे व तिकडचे इकडे अशी नुसती अदलाबदल होत राहते. प्रत्येकीच्या दारीं जेवढे जातात तेवढेच येतात, आणि कोणालाच सुधारण्याची निकड भासत नाहीं. वर्षाकाठीं कंपनी बदलणाऱ्या गृहस्थास आपण मोठें स्वातंत्र्य भोगतों आहों असें वाटतें; वस्तुतः तो एका वर्तुळांत फिरत असतो.

हा अनुभव आपल्या समाजास नवा नाहीं. जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांचें काय झालें तें आठवावें. ज्या घरांतील वडील माणसें शिक्षणाधिकाऱ्यापुढें उभीं राहून जाब विचारूं शकत होतीं, त्या घरांतील मुलें एकेक करून निघून गेलीं. प्रत्येक आईबापानें आपल्या मुलाचें हित पाहिलें, आणि तें पाहणें त्यांचें कर्तव्यच होतें. पण शाळेच्या गळक्या छपराविषयीं बोलणारा पुढें कोणी उरला नाहीं. सरकारी दवाखाने व एस. टी. यांची कथा फारशी निराळी नाहीं.

सातपुड्यांत तर प्रश्न याहून कठीण होतो, कारण तेथें सोडण्यासारखी दुसरी तार नसते. दुसरी कंपनी जेथें घरें दाट व उत्पन्न निश्चित तेथेंच जाते. तेव्हां शहरवासीयाचें निवडीचें स्वातंत्र्य हें त्याच्या गुणाचें फळ नसून त्याच्या शेजारच्या घरांच्या संख्येचें फळ आहे. हें ओळखूनच ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर केली. २०१५ मध्यें तिला भारतनेट हें नांव मिळालें, आणि महाराष्ट्रांत तिच्या पुढील टप्प्याचें काम राज्य शासनानें महानेट या नांवानें अंगावर घेतलें. ऑगस्ट २०२३ मध्यें १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यांत दहा वर्षांच्या देखभालीची व वलयाकार जोडणीची तरतूद करण्यांत आली. वलय असलें म्हणजे एका बाजूनें तार तुटली तरी दुसरी बाजू चालूं राहते. तार गांवांत नेणें निराळें व ती जिवंत ठेवणें निराळें, याची ही कबुलीच म्हणावयाची.

आणि ती जिवंत राहणें आतां चैनीची बाब उरलेली नाहीं. देशांतील पहिलें आधार-पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील टेंभली या शहादा तालुक्यांतील गांवीं देण्यांत आलें. त्यानंतर रेशनच्या दुकानांत अंगठा ठेवून ओळख पटवावयाची, अनुदान बँकेंतील खात्यावर पाहावयाचें, दाखल्याचा अर्ज संगणकावर करावयाचा, असे व्यवहार तारेवर आले. ३० एप्रिल २०२५ च्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोचतां येणें हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग मानला. राज्यसंस्थेनें आपलें दार तारेच्या टोकाशीं नेऊन ठेवल्यावर ती तार तुटलेली राहूं देणें म्हणजे नागरिकाच्या तोंडावर दार लावणें होय.

मग त्या तारेसाठीं बोलणार कोण? डोंगरी गांवांत ज्यांच्या शब्दाला कचेरींत वजन असतें ते म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक. त्यांतील ज्यांचें बिऱ्हाड तालुक्याच्या ठिकाणीं आहे व घरीं स्वतःची जोडणी आहे, त्यांनीं ती घेतली म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु ग्रामपंचायतीची तार बंद पडल्याचें दुःख त्यांच्या संध्याकाळपर्यंत पोचत नाहीं हें खरें आहे. आतां आकाशांतून येणारा एक नवा मार्गही दिसूं लागला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र शासनानें स्टारलिंक या कंपनीशीं इरादापत्र केलें, आणि त्यांत गडचिरोली, धाराशिव व वाशीम यांच्याबरोबर नंदुरबारचें नांव आहे. खांब व रस्ते यांवांचून दुर्गम पाड्यापर्यंत पोचणारी ही सोय स्वागतार्हच आहे. तथापि उपग्रह आला म्हणून प्रश्न संपत नाहीं. तेथेंही देणारा एकच राहिला तर सोडून जाण्याची वाट बंदच राहील, व बोलण्याचीच वाट उघडी ठेवावी लागेल.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, सोडून जाण्याच्या हक्काबरोबर बोलून जाण्याचें कर्तव्य येतें. हें कर्तव्य कांहीं अवघड नाहीं. कंपनी सोडण्यापूर्वीं तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दाद न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे जावें, ही दोन पायऱ्यांची व्यवस्था २०१२ च्या नियमांनीं करून ठेवली आहे व अपिलास फी नाहीं. त्यानेंही भागलें नाहीं तर जिल्हा ग्राहक आयोगाचें दार उघडें आहे. टेलिफोन-कंपन्यांविरुद्धची तक्रार या आयोगापुढें चालूं शकते असें सर्वोच्च न्यायालयानें १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं स्पष्ट केलें. सोडून जातांना कारण लेखी द्यावें, आणि तें त्याच तंतूवरील शेजाऱ्यांस सांगावें. एकट्याचा आवाज क्षीण असतो हें महाराष्ट्रानें पूर्वींच ओळखलें होतें. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली ती याच जाणिवेनें. सातपुड्यांतील अनुसूचित क्षेत्रांत तर १९९६ च्या पेसा कायद्यानें ग्रामसभेस विशेष स्थान दिलेलें आहे. पाड्यावरचा शिकलेला मुलगा किंवा तेथें नोकरीस असलेला शिक्षक यानें ग्रामपंचायतीच्या बंद तारेचा विषय सभेपुढें मांडून त्याचा ठराव लिहवून घेतला, तर ज्यांना सोडून जातां येत नाहीं त्यांच्या हातांत निदान एक कागद येतो, व कागदास उत्तर द्यावें लागतें.

कोणी म्हणेल कीं पैसे भरणाऱ्या ग्राहकावर हा भार कां? उत्तर असें कीं तो ग्राहक आहे तसाच शेजारीही आहे. ग्राहकाचा संबंध पावती फाडली कीं संपतो. शेजाऱ्याचा संपत नाहीं. सुशिक्षित मध्यमवर्गास लिहितां येतें, नियम समजतो व नकार ऐकून न घाबरण्याची संवय असते. हीं साधनें त्यास समाजानेंच दिलेलीं आहेत. तीं केवळ स्वतःची वाट मोकळी करण्यास वापरलीं तर त्यांत अपराध नाहीं, पण ऋण मात्र शिल्लक राहतें. नवा राउटर बसवून हिरवा दिवा लागल्यावर जुन्या पेटीसाठीं एक पत्र लिहिणें, हें त्या ऋणाचें अगदीं लहान व्याज आहे. आणि तेवढें ज्याला देतां येतें त्यानें तें देत जावें, असें आम्हांस वाटतें.