तक्रार, ठाणे आणि परवान्याची बंदूक

18 डिसेंबर 2020. आदिलाबाद शहरातल्या ताटीगुडा भागात मुलांच्या क्रिकेटवरून भांडण पेटले. एमआयएमचे तेव्हाचे जिल्हाध्यक्ष आणि नगरपालिकेचे माजी उपाध्यक्ष फारूक अहमद एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात परवान्याचे शस्त्र घेऊन समोरच्यांवर धावले. तिघे जखमी झाले. त्यांतला एकजण आठवडाभराने हैदराबादच्या रुग्णालयात दगावला. जानेवारी 2022 मध्ये आदिलाबादच्या न्यायालयाने फारूक अहमद यांना जन्मठेप सुनावली.

आदिलाबाद जिल्ह्यातल्याच गुडीहत्नूरपासून हे ठिकाण तासाभराच्याही आत आहे. अशी घटना घडली की गावोगावच्या चहाच्या टपरीवर एकच प्रश्न विचारला जातो: याला परवाना दिला कोणी, आणि वेळेत काढून का नाही घेतला? प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारताना आपण एक गोष्ट मान्य करून बसतो. गोळी सुटण्याआधी, म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, केवळ दुसऱ्यांच्या सांगण्यावरून सरकारने एखाद्याची बंदूक काढून घ्यावी, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटते. धोक्याची खूण दिसली की बंदूक आधी बाजूला व्हावी आणि वाद नंतर मिटावा, हाच क्रम शहाणपणाचा. मात्र तो क्रम खरोखर कोणाला लागू होतो हे पाहिले की मन अस्वस्थ होते.

राष्ट्रीय महामार्ग 44 वर गुडीहत्नूरला इंद्रवेल्ली-उटनूरचा फाटा फुटतो. मराठी, तेलुगू, गोंडी आणि लंबाडी इथे एकाच बाजारात ऐकू येतात. किनवट आणि राजुरा हे तालुकेही 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होते. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बंदूक म्हणून पिस्तूल येत नाही, ठासणीची बंदूक येते. ज्वारी निसवली, मक्याला कणसे धरली की रानडुकरांचे कळप रात्रीत वावर लोळवून टाकतात. एक बार काढला तरी कळप पांगतो. शस्त्र कायद्याने, म्हणजे 1959 च्या अधिनियमाने, ही गरज स्पष्ट शब्दांत ओळखली आहे. पीक राखण्यासाठी खरोखर हवी असलेली ठासणीची बंदूक कलम 13 मध्ये वेगळी काढून तिच्यासाठी परवाना द्यावा असे म्हटले आहे. पिस्तुलाच्या अर्जदाराला मात्र त्याच कलमाखाली सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते.

हाच कायदा कलम 17 मध्ये परवाना काढून घेण्याचा अधिकार देतो. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटले, तर परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. त्यासाठी न्यायालयाने दोषी ठरवलेले असण्याची अट नाही. अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची, परवानाधारकाने मागितली तर ती थोडक्यात कळवायची, आणि कलम 18 खाली अपिलाची वाट मोकळी ठेवायची, एवढे बंधन आहे. एरवी सारी भिस्त ठाण्यातून आलेल्या अहवालावर. भावकीत बांधावरून कुरबूर झाली, एकाने अर्ज दिला, दुसऱ्यावर अदखलपात्र नोंद झाली किंवा प्रतिबंधक कारवाईचा कागद निघाला, की ती नोंद अहवालात जाऊन बसते. मग कारणे दाखवा नोटीस येते. तेलंगणातला सरकारी कारभार बहुतांशी तेलुगू आणि इंग्रजीतून चालतो. त्यामुळे मराठीतून शिकलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपल्यावर नेमका काय ठपका आहे हे आधी दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, आणि उत्तराचे दिवस तेवढ्यात सरत असतात.

या भागात ठाण्याच्या हुकुमामागे आणखी एक आठवण उभी असते. 20 एप्रिल 1981 रोजी याच फाट्यावरच्या इंद्रवेल्लीत जमिनीचे हक्क मागायला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. लोक त्याहून कितीतरी जास्त सांगत आले आहेत. ज्या गावांनी ते पाहिले, त्यांना ‘बंदूक आणून जमा कर’ हा निरोप निव्वळ कागदोपत्री कारवाई म्हणून ऐकू येणार नाही. तिथे कारण समजावून सांगणे हे अधिकाऱ्याचे पहिले काम ठरते.

आता महाराष्ट्रातल्या बीडकडे पाहू. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारण्यात आले. त्या खुनात गोळी चालली नव्हती. पण जिल्ह्यातली दहशत चर्चेत आली, कमरेला शस्त्र लावून मिरवणाऱ्यांची आणि हवेत बार काढणाऱ्यांची चित्रे लोकांसमोर आली, आणि बीडमध्ये शस्त्रपरवाने बाराशेच्या वर आहेत हे उघड झाले. परवानाधारकांतल्या अनेकांवर गुन्हे नोंदलेले होते. पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी परवाने रद्द करायला सुरुवात केली. मी या कारवाईच्या बाजूचा आहे. परंतु हे गुन्हे काही डिसेंबरात एका रात्रीत नोंदले गेले नव्हते. ते ठाण्याच्या दप्तरात आधीपासून होते, परवान्यांची नूतनीकरणेही होत होती. तक्रारींना तेव्हा वजन नव्हते, कारण तक्रारदाराला वजन नव्हते. राज्यभर ओरड झाली तेव्हा त्याच कागदांना एकदम धार आली.

आरोपावरून बंदूक काढून घेण्याच्या पद्धतीतला खरा दोष मला इथे दिसतो. वजनदार माणसाविरुद्ध दहा तक्रारी असल्या तरी त्याचे शस्त्र त्याच्यापाशी राहते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याची बंदूक एका अर्जावर जाते. ज्याच्यावर आरोपच नाही, त्याची तर निवडणूक आली की जाते.

शेवटचे वाक्य उगाच लिहिलेले नाही. आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो. शेतकरी बंदूक धडप्यात गुंडाळून घेऊन येतो, तिचा क्रमांक नोंदवहीत चढतो, दोरीने चिठ्ठी बांधली जाते आणि त्याच्या हाती पावती पडते. तेलंगणा विधानसभेची आचारसंहिता 9 ऑक्टोबर 2023 ला लागली आणि मतदान 30 नोव्हेंबरला झाले. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि उभी ज्वारी, सगळे याच दिवसांत. पुढच्या वर्षी लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागून जूनपर्यंत चालली. तेव्हा सिंधुदुर्गात काजू पिकत होता आणि माकडांचे कळप बागांत होते. शेती संरक्षणाच्या बंदुका जमा करून घेऊ नका, ही तिथल्या बागायतदारांची मागणी जुनी आहे. हाताशी बंदूक नसलेला माणूस कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला डुकराआधी कधी शेजारचा गडी चिकटतो, कधी राखणीला आलेला स्वतःचाच मुलगा.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर गेला होता. गोविंद ऊर्फ भाई गणेश तिळवे यांच्या खटल्यात न्यायालयाने सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करण्याच्या पद्धतीला लगाम घातला. त्या निकालाचा आधार घेऊन निवडणूक आयोगाने 2009 मध्ये सूचना काढल्या. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असावी. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सामील झालेले अशांचा तिने एकेक करून विचार करावा. आणि ज्याचे शस्त्र घ्यायचे त्यालाच नोटीस द्यावी. न्याय आणि सुरक्षितता दोन्ही सांभाळणारी ही वाट आहे, पण समितीला प्रत्येक नाव वाचावे लागते. सगळ्यांना फोन करणे त्याहून सोपे असते, म्हणून ठिकठिकाणी अजून तेच होते.

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे. आपल्याकडे तो तसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा बोलून दाखवले. तरीही तिथे 1999 मध्ये कनेक्टिकटने कायदा करून धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रे गुन्ह्याआधी काढून घेण्याची सोय केली. नंतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. सर्वसाधारण पद्धत अशी, की मागणी न्यायाधीशापुढे जाते, तातडीचा आदेश एकतर्फी निघू शकतो, पण थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचे ऐकावे लागते आणि आदेशाला मुदत असते. रहिमी खटल्यात जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले, की दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका असल्याचे न्यायालयाला आढळले असेल, तर त्या माणसाला तात्पुरते निःशस्त्र करता येते. तिथली बंदुकांची हौस आपल्याला नको. आरोप ऐकण्याची ही शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे, की केवळ गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येणार नाही. शांततेला धोका कसा आहे हे दाखवावे लागेल. कोणी म्हणेल, दाखवत बसलो तर तोवर गोळी सुटेल. त्यासाठीच निलंबन आहे. घरातल्या बाईने नवरा बंदूक रोखतो असे सांगितले, तर बंदूक त्याच दिवशी घरातून हलली पाहिजे. तिच्याकडे पुरावा मागत बसू नये. पण त्यानंतर चौकशी झाली पाहिजे, तक्रारदाराने पुढे येऊन जबाब दिला पाहिजे, आणि आरोप सूडाचा निघाला तर शस्त्र परत गेले पाहिजे. आज निलंबित बंदूक मालखान्यात गंजत पडते, फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते, आणि भांडण मिटून दोघे एकाच बैलजोडीने वावर नांगरू लागले तरी निर्णय आलेला नसतो.

याला नवा कायदा लागत नाही. अधिकाऱ्याला योग्य वाटेल ‘तेवढ्या मुदतीपुरते’ निलंबन, असे कलम 17 मध्येच आहे. ती मुदत आदेशात आकड्यात लिहावी, तीच तारीख ठाण्याच्या पावतीवर यावी, आणि गुडीहत्नूरसारख्या मंडलात मराठी आणि गोंडी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याने नोटीस वाचून दाखवावी, एवढे आदिलाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांना एका परिपत्रकाने करता येईल.