खुला नियम आणि न्याय्य नियम

संगणकावरील खेळांच्या स्पर्धा मोठमोठ्या पारितोषिकांसाठी होतात, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. प्रश्न आहे तो स्पर्धेत कोणाला बोलवायचे हे ठरविणाऱ्या मानांकनाचा. ‘काउंटर-स्ट्राइक’ या पाच-पाच खेळाडूंच्या खेळात काही संघांचे आयोजकांशी करार असत. उत्पन्नात वाटा त्यांना आणि प्रवेशाची हमीही त्यांनाच. खेळाची मालक कंपनी ‘व्हॉल्व्ह’ हिने २०२३ साली हे संबंध संपविण्याचे जाहीर केले. २०२५ पासून निमंत्रणे मानांकनाशी बांधली गेली, आणि गुण मोजणारी आज्ञावली तर सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली.

एवढ्याने न्याय झाला काय? या गणितात संघाने जिंकलेली रक्कम धरली जाते, तशी त्याने हरविलेल्या प्रतिस्पर्ध्यांची कमाईही. म्हणजे मोठ्यांना हरविल्यावाचून गुण फारसे चढत नाहीत, आणि गुणांवाचून मोठ्यांशी गाठ पडणे कठीण. पात्रता फेऱ्यांची वाट आहे, पण अरुंद. कोणाचाही पक्षपात न करता उंबरठा उंच राहतो!

तरीही खुलेपणाचे मोल मला मोठे वाटते. गुप्त निर्णयाविषयी माणूस फक्त संशय घेऊ शकतो; खुल्या नियमातील अन्याय्य ओळीवर बोट ठेवता येते. उदाहरणार्थ, पाचांपैकी तिघे खेळाडू कायम राहिले तर संघाचे गुण टिकतात. तीनच का? चार का नाहीत? हे आज्ञावली सांगत नाही. तो आकडा कोणा माणसाने ठरविला आहे, आणि त्याचे कारणही त्यालाच विचारावे लागेल.