कारणदोष आणि आतला आवाज

दूरच्या प्रवासासाठी बांधलेल्या माझ्या मोटारसायकलवर रेडिओ आहे, ट्रकचालक आपापसांत बोलायला वापरतात तसला २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला सीबी संच आहे, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही हेल्मेटांत लहान स्पीकर बसवून एकमेकांचे बोलणे ऐकण्याची सोयही आहे. गेल्या शरद ऋतूत न्यू जर्सीतील घरातून निघून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातून आम्ही पतिपत्नी जात असता या यंत्रणेत एक बारीक, लांबट सूर शिरला. इंजिनाची गती वाढली की तो चढे, उतरली की उतरे, आणि त्याच्या जोडीला मधूनमधून तुटक तडतड ऐकू येई. तासाभराने पत्नी म्हणाली, "अहो, जरा थांबता का? मघापासून कोणीतरी आपल्याला हाक मारतंय. शब्द कळत नाहीत, पण हाक आहे." मी कडेला थांबून इंजिन बंद केले. हाक थांबली. मागेपुढे रस्ता रिकामा होता. ती खोटे बोलत नव्हती, तिच्या कानांतही दोष नव्हता. तिने ऐकले ते खरोखर ऐकले होते, आणि तरीही हाक मारणारा कोणी नव्हता. जो आवाज माणसाला आतून ऐकू येतो, ज्याच्या आज्ञेवरून माणसे राज्ये सोडतात, उपोषणे आरंभितात, क्वचित दुसऱ्याच्या जिवावरही उठतात, तो आवाज आपण ज्याचा म्हणून मानतो त्याचाच आहे याची खातरजमा कशी करावी, हा फार जुना प्रश्न त्या रिकाम्या रस्त्यावर माझ्यासमोर नव्याने उभा राहिला.

घरी परतल्यावर एका वृद्ध मेकॅनिकने तपासाची जी रीत दाखवली ती पाहताना, आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक म्हणून जे सांगितले, म्हणजे एक असता दुसरे असणे आणि एक नसता दुसरे नसणे, ते पोथीबाहेर प्रथमच मला डोळ्यांनी दिसले. किल्ली चालू ठेवून त्याने इंजिन बंद केले. सर्व शांत झाले, म्हणजे उपद्रवाचे मूळ इंजिनाच्या व्यापारात होते. इंजिन पुन्हा चालू करून त्याने अँटेनाची तार उपसली; तडतड गेली, पण सूर राहिला, म्हणजे तडतड हवेतून येत होती आणि सूर तारांतून. रेडिओचा आवाज शून्यावर आणला तरी सूर हटेना, म्हणजे तो आवाजाच्या बटणाच्या पलीकडून आत घुसत होता. शेवटी त्याने रेडिओला वेगळ्या बॅटरीवरून वीज दिली, आणि सूर नाहीसा झाला. कोठेही त्याने तर्काने उडी मारली नाही. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलली, आणि ती बदलण्यापूर्वी कान देऊन ऐकले.

तडतडीचे कारण सरळ होते: एका प्लग कॅपमधला सुमारे ५,००० ओहमचा रेझिस्टर निकामी झाल्यामुळे ठिणगीचा उपद्रव मोकाट पसरत होता, आणि नवी कॅप घालताच तो थांबला. सुराचे कारण मात्र मला अंतर्मुख करणारे निघाले. रेडिओची अर्थिंग बॅटरीच्या ऋण टोकाला होती आणि हेल्मेटांसाठी मी स्वतः जोडलेल्या अँप्लिफायरची अर्थिंग मागच्या आसनाखालच्या सांगाड्याला. दोन्ही जोड घट्ट, दोन्ही स्वच्छ, कोणत्याही एकात खोट काढता येऊ नये असे. परंतु गाडीचा सारा विद्युत्प्रवाह ज्या धातूतून परत फिरतो त्या धातूच्या दोन बिंदूंत व्होल्टच्या अल्पशा अंशाइतका भेद राहतोच, आणि दोन्ही उपकरणे ध्वनीच्या तारेने एकमेकांना जोडलेली असल्यामुळे तो भेद त्या तारेतून वाहू लागतो, जनरेटरच्या फेऱ्यांची लय अंगावर घेऊन सुरात मिसळतो. ज्याने आपला एक पाय सत्यावर आणि दुसरा लोकांच्या मान्यतेवर रोवला आहे, त्याच्या अंतःकरणात मी हेच घडताना पाहिले आहे, माझ्याही अंतःकरणात पाहिले आहे. दोन्ही आधार आपापल्या जागी भक्कम असतात, आणि त्या दोहोंमधल्या किंचित अंतराचा जो गुणगुणाट उठतो त्यालाच आपण विवेकाची वाणी समजून बसतो. मेकॅनिकने दोन्ही अर्थ एकाच बिंदूवर आणले, आणि सूर गेला.

येथे एक गोष्ट नोंदली पाहिजे. ज्या ठिणगीला आज रेडिओचा शत्रू मानून रेझिस्टरने जखडतात, तीच रेडिओची जननी आहे. १८८७ च्या सुमारास हाइनरिख हर्ट्झने विद्युच्चुंबकीय लहरी प्रथम निर्माण केल्या त्या दोन धातूच्या टोकांमधल्या ठिणगीतूनच, आणि मार्कोनीचे आरंभीचे संदेशही ठिणगीवरच गेले. म्हणजे पेट्रोलवर चालणारे प्रत्येक इंजिन हे एक प्रक्षेपक आहे. फक्त त्याला सांगायचे काही नाही. तेव्हा गोंगाट ही पदार्थाची जात नसून ऐकणाऱ्याच्या हेतूशी असलेला त्याचा संबंध आहे.

आता १९३३ सालाकडे पाहा. त्या वर्षी ३० एप्रिलला येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी एकवीस दिवसांच्या उपोषणाचा निर्णय जाहीर केला, ८ मे रोजी ते आरंभिले, आणि आपल्याला रात्री एक वाणी स्पष्ट ऐकू आली हेच त्याचे कारण सांगितले. हा आत्मसंमोहनाचा प्रकार नव्हे कशावरून, असे टीकाकारांनी विचारले, तेव्हा संशय घेणाऱ्याला पटेल असा पुरावा आपल्यापाशी नाही हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. त्याच दिवसांत, ५ मे रोजी, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याचे वृत्त आले. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनमध्ये व्यत्यय आणणाऱ्या खरखरीचा शोध घेण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि त्यासाठी न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्याने चाकांवर फिरणारी एक प्रचंड अँटेना उभारून २०.५ मेगाहर्ट्झवर महिनोन्महिने नोंदी केल्या होत्या. जवळची वादळे वगळली, दूरची वगळली, तरी एक संथ फुसफुस उरली. ती सूर्याची असावी असे त्याला आधी वाटले. परंतु ती दर २४ तासांनी नव्हे तर २३ तास ५६ मिनिटांनी कळसाला पोहोचते, म्हणजे सूर्यावरून मोजलेल्या सावन दिवसाचे नव्हे, ताऱ्यांवरून मोजलेल्या नाक्षत्र दिवसाचे मान पाळते, हे ध्यानात आल्यावर तिचा उगम धनू राशीत, आकाशगंगेच्या मध्याकडे आहे असे त्याने सांगितले.

दोघांनीही काही ऐकले, आणि दोघांनीही ते आपल्या यंत्राबाहेरचे आहे असे म्हटले. अशा म्हणण्याचा अधिकार कोणाला, याविषयी आपल्या दर्शनकारांत मोठा वाद आहे. मीमांसक कुमारिल भट्टांचे मत असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याच्या कारणात दोष सापडला किंवा त्याला बाधणारे दुसरे ज्ञान उद्भवले, तरच ते रद्द होते. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून यावे लागते. पाणी दिसले, जाऊन प्यालो, तहान भागली, म्हणजे दिसले ते पाणीच होते. आतल्या आवाजाच्या बाबतीत नैयायिकांची कसोटी मला अपुरी वाटते, कारण दुष्ट आवाजाच्या सांगण्यावरून केलेली कृत्येही अनेकदा तडीस जातात. मी कुमारिलांच्या बाजूचा आहे. पण एका अटीवर, आणि ती अट त्यांच्याच परंपरेने मांडून ठेवली आहे. एखादी वस्तू आढळली नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती असती तर आढळलीच असती अशी परिस्थिती हवी. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, ही घडा नसल्याची साक्ष नव्हे. ज्याने आपल्या अर्थिंगचे जोड कधी तपासलेच नाहीत, त्याने "मला माझ्यात दोष आढळत नाही" असे म्हणणे ही अंधाऱ्या खोलीतली जबानी आहे.

म्हणून यम-नियम, उपवास, मौन, चित्तशुद्धी यांच्याकडे मी ईश्वराला द्यायचा सारा म्हणून पाहू शकत नाही. तो ग्राहकयंत्राचा तपास आहे, खोलीत लावलेला दिवा आहे. गांधीजींनीही आतल्या आवाजाचा दावा वाटेल त्याने करू नये, त्याआधी सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अपरिग्रह यांची दीर्घ शिस्त हवी, असे वारंवार बजावले होते, आणि त्यांच्या त्या रात्रीच्या साक्षीला माझ्या लेखी वजन आहे ते याच कारणाने. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान करणाऱ्याला प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे आणि शेवटी वेणू, वीणा, भ्रमर यांसारखे नाद ऐकू येतात असा क्रम दिला आहे. तेथेही साधकाने पहिल्याच गर्जनेला शेवटचा नाद समजायचे नसते.

याच होल्मडेलातल्या एका प्रयोगशाळेत १९६४ साली पेंझियास आणि विल्सन या दोन संशोधकांना ४,०८० मेगाहर्ट्झवर सुमारे साडेतीन केल्व्हिनचा जादा गोंगाट सापडला, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्क शहराकडे अँटेना रोखून पाहिली, सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी लावली, आत घरटे केलेली कबुतरे हलवून त्यांची विष्ठा धुऊन काढली. एवढे करूनही जे उरले ते विश्वाच्या आरंभकाळाचे प्रारण ठरले. जवळजवळ तितकाच जादा गोंगाट त्याच प्रयोगशाळेत आधीही मोजला गेला होता, पण तो त्रुटीच्या मर्यादेत जमा झाला होता. कबुतरांची विष्ठा धुण्याचे ते काम मला त्या शोधातले सर्वांत धार्मिक कृत्य वाटते.

इंजिनच बंद करावे म्हणजे कटकट मिटली, हा संन्यासाचा मार्ग. तो खोटा नाही, पण त्यावर गाडी पुढे जात नाही, आणि मला गृहस्थाला इंजिन चालू ठेवूनच ऐकायचे आहे. तरीही दुरुस्तीनंतर त्याच डोंगरात गेलो तेव्हा वस्तीपासून दूर एका चढावर मी मुद्दाम इंजिन थांबवले, आणि कोणीही बोलत नसलेल्या सीबी संचाचा स्क्वेल्च, म्हणजे रिकाम्या वाहिनीवरचा गोंगाट दाबून ठेवणारा अडसर, पूर्ण उघडला. मंद फुसफुस आली. अँटेनाची तार काढली, ती जवळजवळ विझली. जोडली, परत आली. म्हणजे ती बाहेरची होती. एवढ्या वारंवारतेवर अशा निवांत जागी त्या फुसफुशीत आकाशगंगेचा वाटा मोठा असतो. दूरच्या विजेच्या तारांचाही थोडा असेल. हेल्मेट पत्नीच्या हाती देऊन मी हे तिला सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"हाक नाही ही," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "ती तार पुन्हा एकदा काढा बरं."