संस्थांचे ग्रंथालय आणि उघडे हिशेब

संस्था चालवायला लागणारी पुस्तके, कायदे, देणगीदारांच्या निर्देशिका, अहवाल आणि अर्जांचे नमुने एका जागी ठेवणारे, आणि शक्य तितके घरी नेऊ देणारे ग्रंथालय, असे स्वयंसेवी संस्थांसाठीच्या खास ग्रंथालयाचे वर्णन करता येते. त्याचा वाचक सहसा तज्ज्ञ नसतो. तो विश्वस्त मंडळावरचा निवृत्त शिक्षक असतो, महिला मंडळाची खजिनदार असते, किंवा दिवसभर वस्तीत काम करून रात्री प्रकल्प-प्रस्ताव लिहायला बसणारी कार्यकर्ती असते. मोठ्या संस्थेला हे ज्ञान सीए आणि सल्लागार पुरवतात. छोट्या संस्थेला त्यांची फी परवडत नाही. गावच्या वाचनालयात कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके मिळतात. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांसारख्या नोंदींतल्या बदलाचा अर्ज, कसा दाखल करावा, हे सांगणारे पुस्तक क्वचितच सापडते.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध ग्रंथालय न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली ‘फाउंडेशन लायब्ररी सेंटर’ या नावाने उभे राहिले. त्यामागे केवळ वाचनप्रेम नव्हते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन संसदेच्या दोन समित्यांनी धनाढ्यांच्या प्रतिष्ठानांची चौकशी केली होती. कम्युनिस्टविरोधी संशयाचे ते दिवस होते आणि प्रतिष्ठानांचा पैसा नेमका कुणाकडे जातो, हा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. प्रतिष्ठानांचे खिसे काचेचे असावेत, असे कार्नेगी कॉर्पोरेशनचे रसेल लेफिंगवेल यांनी चौकशीपुढे सांगितले. पुढे कार्नेगीच्याच मदतीने हे केंद्र सुरू झाले आणि एफ. एमर्सन अँड्र्यूज त्याचे पहिले संचालक झाले. प्रतिष्ठानांची निर्देशिका १९६० साली प्रसिद्ध झाली. देणाऱ्यांनी स्वतःवरचा संशय दूर करण्यासाठी माहिती उघडी केली, आणि तिचा खरा उपयोग मागणाऱ्यांना झाला.

१९६९च्या करसुधारणा कायद्याने खासगी प्रतिष्ठानांवरची बंधने आणखी कडक केली. त्यांचे वार्षिक विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ९९०-पीएफ, जनतेला पाहता येते. या ग्रंथालयाच्या वाचकाची खरी विद्या म्हणजे हा फॉर्म वाचणे. प्रतिष्ठानाच्या माहितीपत्रकात ‘शिक्षण आणि आरोग्य’ असे मोघम लिहिलेले असते. फॉर्ममध्ये मात्र कोणत्या संस्थेला, कशासाठी, किती रक्कम दिली याची यादी असते. शिक्षणाच्या नावाखालचा बहुतेक पैसा दरवर्षी दोनचार नामवंत विद्यापीठांकडेच जातो, हे अशा यादीतून कळू शकते. विश्वस्तांची नावे कळतात, गुंतवणूक किती आहे ते कळते. आधीच निवडलेल्या संस्थांनाच देणगी दिली जाते, असे सांगणारा एक चौकोनही त्यात आहे. त्यात खूण दिसली, तर अर्ज लिहिण्याचे श्रम वाचतात. नवख्या संस्था शंभर ठिकाणी एकच पत्र पाठवतात. फॉर्म वाचणारी संस्था पाच ठिकाणी पाच वेगळी पत्रे पाठवते.

मूळ कागदपत्रे केंद्रातच बसून वाचायची असत. म्हणून सार्वजनिक वाचनालयांना जोडून घेणारे जाळे विणले गेले. अशा ठिकाणी निर्देशिका सहसा जागेवरच पाहायच्या असतात. हिशेब, निधी-संकलन आणि मूल्यमापनावरची पुस्तके घरी नेता येतात. ही सोय किरकोळ नाही. विश्वस्त मंडळाची बैठक ग्रंथालयात भरत नाही. खजिनदाराला पुस्तक स्वतःच्या खतावणीशेजारी ठेवून वाचावे लागते, आणि ते एकाच माणसाने वाचले तर संस्थेला त्याचा अर्धाच उपयोग होतो. २०१९ साली हे केंद्र आणि ‘गाइडस्टार’ एकत्र येऊन ‘कँडिड’ झाले आणि त्याचे काम मुख्यतः संगणकावर आले.

मुंबईत १९७०च्या दशकात सुरू झालेल्या ‘सेंटर फॉर एज्युकेशन अँड डॉक्युमेंटेशन’ची घडण वेगळी. तिथल्या संग्रहाचा कणा म्हणजे विषयवार लावलेली वृत्तपत्रांची कात्रणे. देणगीदारापेक्षा प्रश्नाचा शोध घेणाऱ्या कार्यकर्त्यांची गरज त्यातून भागत असे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मात्र पैशाची वाट शोधण्यासाठी प्रश्नाची माहिती पुरत नाही.

अशा संग्रहाला मुख्य धोका जुन्या पुस्तकाचा. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत करता येतो, असे २०२०पूर्वीचे पुस्तक सांगेल. परदेशी देणगी कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने ही मर्यादा २० टक्क्यांवर आली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यासही बंदी झाली. प्राप्तिकराची नोंदणी एकदा केली की संपले, हेही आता खरे नाही. २०२१पासून ती मुदतीची झाली आहे. कादंबरीची जुनी आवृत्ती चालते, कायद्याची चालत नाही. तेव्हा वाचकाने पुस्तक नेताना आधी प्रकाशनाचे वर्ष पाहावे, आणि ग्रंथपालाने कालबाह्य प्रती देवघेवीतून काढून घ्याव्यात. देणगी म्हणून आलेली जुनी पुस्तके नाकारण्याचा वाईटपणाही त्यानेच घ्यावा.

भारतात ९९०-पीएफच्या तोडीचा कागद मात्र नाही. कंपन्यांचा सामाजिक दायित्वावरचा खर्च कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. खासगी न्यास कुणाला किती देतात, हे एका जागी उघड होत नाही. मिळालेली परदेशी देणगी दर तिमाहीला संकेतस्थळावर जाहीर करण्याचा नियमही २०२२ साली वगळला गेला. ग्रंथालय कितीही तत्पर असले तरी जे उघडच होत नाही, ते मांडणीवर ठेवता येत नाही. मग उरते ती संस्थांकडूनच मागून घेतलेली सामग्री: वार्षिक अहवाल, लेखापरीक्षणाच्या प्रती, मंजूर झालेले प्रस्ताव. नाकारले गेलेले प्रस्ताव सहसा कुणी देत नाही, आणि नवख्या संस्थेला तेच अधिक शिकवतात. नावे झाकून का होईना, ते मिळवणे हा अशा ग्रंथपालाच्या कामाचा भाग ठरतो.