छमछम कुणाला ऐकू येते?

छडीच्या आवाजासाठी मराठीत शब्द आहेत. ती सपकन येते, तळहातावर सट्कन बसते. छमछम मात्र ती वाजत नाही. छमछम वाजतात ते पैंजण. तरीही पिढ्यानपिढ्या मुलांना ऐकवल्या गेलेल्या म्हणीने छडीला छमछम बहाल केली आणि तिच्यामागून येणाऱ्या विद्येला घमघम. घमघमतो तो वास, त्याला तर आवाजही नसतो. म्हणजे माराला नाचाचा नाद मिळाला, शिकण्याला सुगंध मिळाला, आणि दोहोंचे यमक जुळल्यामुळे एक कार्यकारणभाव सिद्ध झाल्यासारखा वाटू लागला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली. म्हण मात्र अजूनही कौतुकाने म्हटली जाते.

नादाचे शब्द आपल्याला सर्वांत निष्पाप वाटतात. बाकीचे शब्द माणसांनी ठरवले. सळसळ, खळखळ हे मात्र जगाकडून थेट कानात आले, अशी आपली समजूत असते. ती फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात नावे निसर्गतःच वस्तूंना शोभणारी असतात की लोकांनी आपसात ठरवलेली, असा वाद आहे. सॉक्रेटिस आधी म्हणतो, की ‘र’च्या ध्वनीत गती आहे, ‘ल’च्या ध्वनीत गुळगुळीतपणा. मग तोच दाखवून देतो, की कठीणपणासाठी असलेल्या ग्रीक शब्दातही ‘ल’ आहेच. पुढे सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हा मुद्दा आणखी स्पष्ट झाला: अनुकरणवाचक शब्दही काही प्रमाणात संकेतच असतात. कोंबडा सगळीकडे सारखाच आरवतो, पण मराठीत तो कुकूचकू करतो, फ्रेंचमध्ये कोकोरिको आणि जर्मनमध्ये किकेरिकी.

तेव्हा नादशब्दात थोडे अनुकरण असते आणि थोडी निवड. निवड आली की जबाबदारीही आली. पाऊस एकच असतो. खिडकीत चहा घेऊन बसलेल्याला तो रिमझिम वाटतो. गळक्या पत्र्याखाली पातेले सरकवणाऱ्या बाईला त्याची टपटप ऐकू येते. दोन्ही शब्द खरे आहेत. पण त्या बाईच्या रात्रीविषयी लिहिताना कुणी रिमझिम लिहिले, तर त्याने पावसाचे वर्णन केलेले नसते, आपण कुठे बसलो आहोत ते सांगितलेले असते. छमछमचेही तेच. हा नाद ज्याच्या हातावर वळ उठला त्याच्या कानातला नाही. तो मारणाऱ्याच्या, किंवा लांबून पाहणाऱ्याच्या कानातला आहे.

याच्या उलट टोकाला दुखण्याचे शब्द आहेत. गळू ठसठसते, दाढ ठणकते, खरचटलेले चुरचुरते, पोटात मळमळते, डोके गरगरते. यांतले काहीही बाहेर ऐकू येत नाही. तरी आपण डॉक्टरांना हेच शब्द सांगतो आणि त्यांनाही त्यातून बरेच काही कळते. ठसठसणे आणि चुरचुरणे ही एकाच दुखण्याची दोन नावे नव्हेत. येथे नाद दागिन्यासारखा वरून घातलेला नाही. तो काढून घेतला तर सांगण्यासारखे काही उरतच नाही. शरीराच्या आतला ठोका दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचा एवढाच मार्ग त्या माणसाकडे असतो.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. त्यातला ध्वनी म्हणजे नाद नव्हे, सुचवलेला अर्थ. पण नादाबद्दलही त्याने एक कडक गोष्ट सांगून ठेवली आहे: शृंगारात, आणि त्यातही विरहाच्या वर्णनात, कवीने यमकासारख्या करामती करणे हा प्रमाद आहे, त्या करण्याची ताकद त्याच्या अंगी असली तरीही. अलंकार रसाच्या ओघात, वेगळा खटाटोप न करता यायला हवा. हा अभिरुचीचा नियम म्हणून शिकवला जातो. मला त्यात नीतीही दिसते. कुणी दुःखात असताना आपण शब्दांची कसरत दाखवू लागलो, तर ऐकणाऱ्याची नजर त्या माणसावरून उठून आपल्यावर येते.

मग दुःख गोड नादात गाऊच नये का? तसे म्हटले तर जात्यावरच्या ओव्या रद्द कराव्या लागतील. सासुरवास, माहेराची ओढ, लेकीची काळजी, हे सारे जात्याच्या घरघरीवर गायले गेले, आणि गोड गायले गेले. पण ती लय दळणाऱ्या बाईच्याच दंडातून येत होती. तिच्या कष्टावर दुसऱ्याने चढवलेली ती चाल नव्हती. छडीची म्हणही मार खाल्लेली पोरे मधल्या सुट्टीत हसत म्हणतात, तेव्हा ती भीतीला चिडवत असतात. तीच म्हण छडी हातात असलेल्याने म्हटली, की ती समर्थन होते.

अक्षरे तीच, यमक तेच. म्हणणारा बदलला की कृती बदलते. म्हणून दोष नादाला देता येत नाही, आणि त्याला निर्दोष म्हणून सोडूनही देता येत नाही. मॅथ्यू मॅक्ग्लोन आणि जेसिका तोफीघबक्ष या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यमक असलेली अनोळखी सुवचने लोकांना बिनयमकाच्या रूपापेक्षा अधिक खरी वाटली. मात्र शब्दांची गोडी आणि आशय वेगळे पाहा, असे आधी सांगितल्यावर हा परिणाम ओसरला. म्हणजे कान बंद करायची गरज नाही. कुणाच्या हातावर काय वाजले, एवढे विचारले तरी पुरते. छमछम म्हणणाऱ्या प्रेमळ आजोबांनाही ते विचारता येईल. त्यांनीही कधीतरी हात पुढे केलेला असतो, आणि तेव्हा त्यांना पैंजण ऐकू आले नसणार.