प्रतिष्ठेचं कलम

महाविद्यालयाने समाजमाध्यमांच्या वापरासाठी नियमावली करायचं ठरवलं आणि मी कायदा शिकवते म्हणून मसुदा माझ्याकडे आला. अधिकृत खात्याचा पासवर्ड कुणाकडे राहील, मुलांचे फोटो टाकण्याआधी परवानगी कशी घ्यायची, हे सगळं एका बैठकीत उरकलं. अडलं ते एकाच कलमापाशी : 'संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी पोस्ट करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' तेवढा कागद घेऊन मी आमच्या निवृत्त प्राचार्यांकडे गेले. ज्यांनी संस्था चालवली आहे त्यांच्याशीच हे बोलायला हवं होतं. ज्याच्यावर कधी सही करायची वेळ आली नाही, त्याला स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणं फार सोपं जातं.

सर : कलम चांगलं आहे. राहू दे.

मी : यात काहीही बसतं, सर. वसतिगृहाच्या पाण्यात अळ्या निघाल्या आणि एखाद्या मुलीने व्हिडिओ टाकला, तर प्रतिष्ठेला बाधा येतेच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. लोकहितासाठी खरं सांगितलं तर ती बदनामी धरायची नाही, असा अपवाद त्यातही आहे. आपल्या कलमात तोही नाही. देशाच्या फौजदारी कायद्याहून आपण कडक व्हायचं?

सर : पाण्याचं मान्य. तेवढा अपवाद घाल. पण मला भीती वेगळ्याच दिवसाची आहे. सीमेवर तणाव आहे. रात्री एका मुलीने काहीतरी शेअर केलं. सकाळी फाटकाबाहेर शंभर माणसं. पालकांचे फोन थांबत नाहीत. अध्यक्ष म्हणतात, दुपारपर्यंत पत्र निघालं पाहिजे. आत चार हजार पोरं आहेत. तू प्राचार्य आहेस. काय करशील?

मी : हे घडून गेलंय, सर. मे २०२५, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची पोस्ट पुढे टाकली. धमक्या आल्या तशी तिने दोन तासांत ती काढली, माफी मागितली. तरी गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि महाविद्यालयाने तिला काढून टाकलं. बाजू मांडायची संधीसुद्धा दिली नाही. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला सांगितलं, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसू द्या म्हणून बजावलं. शिक्षण संस्थेचं काम मुलाला सुधारण्याचं की त्याला गुन्हेगार करण्याचं, हा प्रश्न न्यायालयानेच विचारला.

सर : न्यायालयाला तो प्रश्न शांत दालनात विचारता आला. त्या प्राचार्याला ते दालन नव्हतं. आणि हेही बघ, मुलीला आवारात ठेवणं त्या दिवशी तिच्यासाठीच धोक्याचं असू शकतं.

मी : मग तिला सुरक्षित ठिकाणी हलवा. पालकांना बोलवा, पोलिसांकडे संरक्षण मागा, ऑनलाइन वर्गांची सोय करा. हे सगळं करता येतं आणि केलंच पाहिजे. पण ते करताना हातात निष्कासनाचं पत्र कशाला द्यायचं? संरक्षणाचं पत्र वेगळं असतं. त्यात ही शिक्षा नाही असं स्पष्ट लिहायचं आणि मुदत घालायची.

सर काही वेळ गप्प राहिले. हा फरक त्यांना पटला असावा. मग ते पुढच्या प्रश्नाकडे वळले, आणि खरं सांगायचं तर तो मला जास्त अवघड गेला.

सर : मुलीचं सोड. शिक्षकाचं काय? त्याचं स्टेटस त्याचे विद्यार्थी बघतात, पालक बघतात. एखाद्या मुलाचं मत उलटं असेल तर त्याच्या मनात येणारच, सर माझा पेपर कसा तपासतील? ही भीती खोटी म्हणशील?

मी : नाही म्हणणार. ती भीती खरी आहे. पण कोल्हापूर जिल्ह्यातला खटला बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये एका प्राध्यापकाने व्हॉट्सअॅप स्टेटसला ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. शिक्षक-पालकांच्या गटातले ते सदस्य. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी सांगितलं की कलम ३७० हटवण्यावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. या निकालात एक जुनी कसोटी आली आहे, आपल्या नागपूरची. १९४६ साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विव्हियन बोस म्हणाले होते की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजावा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो, त्याच्या मापाने नाही.

सर : आणि त्या मुलाचा पेपर?

मी : पेपर तपासण्यात पक्षपात झाला तर तो तपासा. वर्गात एखाद्याला पाडून बोलले तर त्याची चौकशी करा. शिक्षकाचं वर्तन मोजता येतं. त्याच्या स्टेटसवरून त्याचं मन मोजायला गेलो की थांबायचं कुठे, ते कळत नाही.

सर : तरीही शेवटी न्याय होतोच की. दोन्हीकडे झाला.

मी : शेवटी म्हणजे कधी, सर? जादवपूर विद्यापीठातल्या अंबिकेश महापात्रांनी एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवलं म्हणून त्यांना एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. तरी खटल्यातून त्यांची सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. प्राध्यापक होते, म्हणून इतकी वर्षं टिकले. विद्यार्थ्याकडे पदवीची तीन-चारच वर्षं असतात. त्यातलं एक सत्र बुडालं की शिष्यवृत्ती जाते, प्लेसमेंट जाते, घरचा विश्वास जातो. आणि त्याच्या नावापुढे ती बातमी कायमची राहते. संस्थेला आठ दिवस शिव्या पडतील, पुढच्या जूनला प्रवेश पुन्हा भरतील. ज्याला मार सोसवतो त्याने तो घ्यावा, एवढंच मला म्हणायचं आहे.

सर : आता मी तुझ्याच बाजूने तुला अडवतो. वर्गाच्या गटात कुणी एका मुलाच्या जातीवरून घाणेरडं लिहिलं. किंवा एका मुलीचा खासगी फोटो फिरवला. तिथेही तू थांब म्हणशील? बाजू ऐकू, मुदत देऊ?

मी : तिथे नाही. तिथे इजा झालेलं माणूस आपल्या आवारात आहे, त्याला नाव आहे, हजेरी क्रमांक आहे. जातीवरचा अपमान अॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो, फोटोसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहे. त्याच दिवशी तो मजकूर उतरवायला लावायचा, तक्रार करणाऱ्याला आधार द्यायचा, आरोप असलेल्याला गटातून आणि गरज पडली तर वर्गातूनही बाजूला ठेवायचं. पण काढून टाकण्याआधी त्याचंही ऐकायचं. गंमत अशी की प्रतिष्ठेच्या कलमामुळे हीच प्रकरणं दाबली जातात. बाहेर कळलं तर नाव खराब होईल म्हणून पीडित मुलीला गप्प बसवतात. एकच कलम बोलणाऱ्या मुलीला बाहेर काढतं आणि छळणाऱ्या मुलाला झाकून ठेवतं.

हे मी जरा मोठ्या आवाजात बोलले असेन. सरांनी कागद पुढे ओढला आणि कलमावर रेघ मारली. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं : कारवाई पोस्टवर नाही, इजेवर. इजा कुणाला झाली ते लेखी नोंदवावं. सुनावणीशिवाय निष्कासन नाही. तक्रार निवारण समिती आणि लोकपालाकडे जाण्याचा मार्ग पत्रातच कळवावा. २०२३ च्या यूजीसी नियमांत ती सोय आहे, हे त्यांना पाठ होतं.

सर : अजून एक कलम राहिलं. तुझा तो नागपूरचा खंबीर माणूस कोण? फाटकावर उभं राहून 'आज पत्र निघणार नाही' असं सांगणारा प्राचार्यच ना? मग असंही घाल की सुनावणी पूर्ण होण्याआधी कारवाई केली नाही, एवढ्या कारणावरून व्यवस्थापनाला प्राचार्यावर कारवाई करता येणार नाही.

मी : हे कलम व्यवस्थापन मान्य करणार नाही, सर.

सर : नाही करणार. पहिल्या पानावर घाल.